आडोसा

मराठींत ‘आडोसा’ हा एक लहानसा घरगुती शब्द आहे. त्याला संस्कृतांत नेमका प्रतिशब्द सांगा म्हटलें तर भल्याभल्यांस अडखळावें लागेल. ‘आवरण’ म्हणावें तर तें वस्तूवर घालावयाचें असतें. ‘एकांत’ म्हणावा तर तेथें दुसरें माणूस नको. आडोसा मात्र भर गर्दींतही करतां येतो आणि बहुधा तो दुसऱ्यानें करून द्यावा लागतो. गंगाखेडास गोदावरीच्या घाटावर पर्वकाळीं जे गेले असतील त्यांनीं तो पाहिला असेल. एखादी बाई स्नान करून ओलेत्यानें वर येते आणि तिच्या दोघी जावा सुकें लुगडें दोहों टोकांनीं धरून तिच्याभोंवतीं उभ्या राहतात. तेवढ्या लुगड्याच्या आंत ती वस्त्र बदलते. घाटावरचे पुरुष पाठ फिरवितात किंवा नदीच्या पात्राकडे पाहतात. पिढ्यान् पिढ्या आमच्या स्त्रियांना घराबाहेर मिळालेला आडोसा तो एवढाच. देणाऱ्याही त्याच, घेणाऱ्याही त्याच.

या व्यवस्थेंत पाठ फिरविणाऱ्याचें महत्त्व किती होतें तें आतां कळूं लागलें आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें प्रयागच्या महाकुंभांत स्नान करणाऱ्या व वस्त्रें बदलणाऱ्या स्त्रियांचीं चलच्चित्रें चोरून घेऊन तीं समाजमाध्यमांवर पसरविल्याबद्दल, इतकेंच नव्हे तर विकावयास काढल्याबद्दल, उत्तर प्रदेशच्या पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. आपल्याकडूनही पुष्कळ कुटुंबें त्या पर्वणीस गेलीं होतीं. लुगड्याचा आडोसा समोरच्या चार डोळ्यांपुरता असतो. खिशांतील मोबाइल दुरून पाहतो, वरून पाहतो, आणि पाहिलेलें लक्षावधि लोकांस दाखवूं शकतो.

हा विषय मासिकांत घेण्यासारखा आहे काय, असें कांहीं वाचकांस वाटेल. स्नानगृह, शौचकूप आणि वस्त्रें बदलण्याची खोली या गोष्टी आपल्या घरांत चारचौघांत बोलण्याच्या मानल्या जात नाहींत. मुलगी आईच्या कानाशीं लागते, सून फार तर धाकट्या जावेला सांगते, आणि गोष्ट तेथेंच मुरते. या न बोलण्याला आपण शालीनता म्हणतों. पण तिचा परिणाम असा होतो कीं, ज्याच्या हातीं पैसा आणि किल्ली आहे त्या पुरुषाच्या कानावर ती गोष्ट कधीं जातच नाहीं. आणि जी कानावर गेली नाहीं ती त्याच्या अंदाजपत्रकांत येत नाहीं. तो नगरपरिषदेचा सभासद असो, शाळेच्या संस्थेचा चिटणीस असो, मंगल कार्यालयाचा मालक असो, अथवा नवें घर बांधणारा आपल्यापैकींच कोणी गृहस्थ असो. म्हणून हें लिहिणें.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत स्नातकाचीं व्रतें सांगितलीं आहेत. स्त्रियांविषयीं मनूनें इतरत्र जें लिहिलें आहे त्यांतील पुष्कळसें आज कोणाच्या गळीं उतरावयाचें नाहीं, आणि उतरूं नये हेंच बरें. परंतु या एका ठिकाणीं त्याची दृष्टि निराळी आहे. विवस्त्र स्त्रीकडे पाहूं नये, एवढें सांगून तो थांबत नाहीं. स्वतःची पत्नी जेवीत असतां, शिंकत वा जांभई देत असतां, आपल्या सुखानें सैल बसलेली असतां, डोळ्यांत काजळ घालीत असतां, तेल लावून उघड्या अंगानें असतां तिच्याकडे पाहूं नये, असें तो स्नातकास बजावतो. कारण दिलें आहे तें त्या पुरुषाच्या स्वतःच्या तेजाचें. स्त्रीच्या सुखाचा विचार त्यांत फारसा नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तथापि आमच्यासारख्या व्याकरणाच्या मास्तराचें लक्ष प्रथम कर्त्याकडे जातें. या सर्व वाक्यांत कर्ता पाहणारा आहे. तिनें कोठें बसावें, केव्हां न्हावें, दार कसें लावावें याविषयीं तेथें अक्षर नाहीं.

आपल्या घरांतील उपदेशाचें व्याकरण याच्या उलट असतें. ‘एकटी जाऊं नकोस’, ‘नीट पाहून दार लाव’, ‘लवकर ये’, ‘अंधार पडण्यापूर्वीं आटप’, हीं सारीं वाक्यें मुलीला उद्देशून. मुलग्याला उद्देशून एकही नाहीं. कायद्यानें मात्र मनूचाच कर्ता घेतला आहे. न्यायमूर्ति जे. एस. वर्मा यांच्या समितीच्या अहवालानंतर २०१३ सालीं दंडविधानांत जें कलम नव्यानें घातलें, आणि जें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमांत आहे, तें स्त्रीला खासगी क्रियेंत असतां चोरून पाहणाऱ्यास किंवा तिचें चित्र घेणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल एक ते तीन वर्षांची, आणि पुन्हां तोच अपराध केल्यास तीन ते सात वर्षांची कैद सांगतें. ‘खासगी क्रिया’ म्हणजे काय याच्या स्पष्टीकरणांत शौचालयाचा वापर स्पष्ट शब्दांनीं घातलेला आहे. एवढेंच नव्हे, स्त्रीनें चित्र घेऊं दिलें असलें तरी तें इतरांस दाखविण्यास तिची संमति नसेल तर दाखविणारा अपराधी ठरतो. हें आपल्या घरांतील सोळा वर्षांच्या मुलग्यास एकदां समोर बसवून सांगितलें पाहिजे, आणि तें बापानें सांगितलें पाहिजे. आईनें सांगितलें तर तो कानांवरून घालवील.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें नाहीं. एप्रिल २०१५ मध्यें गोव्यांत कांदोळी येथील एका नामांकित कापड-दुकानांत त्या वेळच्या केंद्रीय मंत्री स्मृति इराणी यांना कपडे घालून पाहण्याच्या खोलीच्या रोखानें लावलेला कॅमेरा दिसला; पोलिसांत तक्रार झाली, नोकरांस अटक झाली. दुकानाचें म्हणणें असें पडलें कीं, तो लपविलेला नव्हता, मालाच्या रखवालीसाठीं लावलेला होता. हेतूचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. पण चोर पकडण्यासाठीं लावलेला डोळा आणखी कोठें कोठें पडतो हें लावणाऱ्यानें एकदां स्वतः पाहूं नये काय? आतां तालुक्याच्या गांवींही प्रत्येक दुकानांत कॅमेरा आला आहे. साडीच्या दुकानांत पडद्यामागें जाऊन पोलकें घालून पाहणाऱ्या मुलीच्या डोक्यावर तो नाहीं ना, हें तिनें पाहावयाचें कीं दुकानदारानें?

आतां प्रवासाचें पाहूं. जिंतुरास रेल्वे नाहीं. परभणीस किंवा सेलूस जाऊन गाडी धरावयाची तरी अगोदर मोटार आलीच. परभणी सुमारें पंचेचाळीस किलोमीटर. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या मोटारींत स्त्रियांस अर्धें तिकीट झालें आणि बायका पूर्वीपेक्षां किती तरी अधिक प्रवास करूं लागल्या. माहेरीं, देवाला, दवाखान्याला, परीक्षेला त्या एकट्या जाऊं लागल्या ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासून घरच्या बायका पाणी तोडतात हें किती गृहस्थांच्या ध्यानांत आलें असेल? सकाळचा चहा अर्धा कप घेतात, उन्हांत घशाला कोरड पडली तरी बाटली तोंडाला लावीत नाहींत. वाटेंत जावयाचें कोठें, हा एकच प्रश्न. पुरुषाला भिंत पुरते. बाईला दार लागतें, दाराला कडी लागते, आंत दिवा आणि पाणी लागतें, आणि दाराबाहेर रेंगाळणारें कोणी नसावें लागतें. पाणी न पिणें आणि तासन् तास वेग धरून ठेवणें यानें मूत्रमार्गाचे विकार जडतात, आणि गरोदर बाईस तर तें विशेष धोक्याचें, असें कोणताही डॉक्टर सांगेल. वेगधारण हें रोगाचें मूळ आहे असें आपल्या आयुर्वेदानेंही केव्हांच सांगून ठेविलें आहे.

आमच्या सूनबाईंनीं एका बसस्थानकावरची हकीकत सांगितली ती नमुन्यादाखल देतों. स्त्रियांची खोली होती, पण कुलूप होतें. किल्ली कोणाकडे म्हणून विचारलें तर समोरच्या पानाच्या टपरीकडे बोट दाखविलें. टपरीवर पांच-सहा तरुण उभे. त्यांच्या देखत किल्ली मागावयाची, त्यांच्या देखत उघडावयाचें, आणि परत त्यांच्याच हातीं नेऊन द्यावयाची. सूनबाई शिकलेल्या, नोकरी केलेल्या. त्या तशाच परत मोटारींत येऊन बसल्या. कागदोपत्रीं तेथें स्त्रियांची सोय आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्रांत न्यायालयांत जाणारें एक मासिकच निघालें, हें या मासिकाच्या वाचकांस ऐकावयास बरें वाटेल. विद्या बाळ यांनीं १९८९ सालीं पुण्यास सुरू केलेलें ‘मिळून साऱ्याजणी’ हें तें मासिक. पुण्याच्या रस्त्यांवर स्त्रियांना जावयास स्वच्छ व सुरक्षित जागा नाहीं, अशी तक्रार घेऊन तें उच्च न्यायालयांत गेलें, आणि डिसेंबर २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें निकाल दिला. सन्मानानें जगण्याचा जो हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांत आहे त्यांतच हें येतें असें धरून राज्यांतील सर्व महानगरपालिकांनीं यासाठीं समित्या नेमाव्या व योजना कराव्या असा हुकूम झाला. त्याआधीं २०११ पासून मुंबईंत अनेक संस्थांनीं मिळून अशीच चळवळ चालविली होती. तिचें एक म्हणणें ऐकून आम्ही थक्क झालों. पुरुषांना मुतारी फुकट, आणि बाईला त्याच कामाला पैसे मोजावे लागत. (हा शब्द छापला म्हणून कोणी रागावूं नये. ज्या वस्तूचें नांव घेण्यास लाज वाटते ती वस्तु मागणार कशी?) उच्च न्यायालयाचा हुकूम मात्र महानगरपालिकांपुरता आहे. जिंतुरासारख्या नगरपरिषदेच्या गांवाला तो तसा लागू पडत नाहीं. हुकुमाची वाट पाहण्याचें तरी कारण काय? स्त्रियांची खोली, तिची किल्ली सांभाळणारी बाई, आंत दिवा, नळाला पाणी आणि कचऱ्याला झांकणाचा डबा, यासाठीं उच्च न्यायालय लागूं नये.

शाळेविषयीं आम्ही थोडें अधिकारानें लिहूं शकतों. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलींचें शौचालय वेगळें असलेंच पाहिजे असें ठरविलें. खोल्या बांधल्या गेल्या, ही गोष्ट खरी. पण मुली जोडीनें जातात, एक आंत आणि एक दाराला पाठ लावून बाहेर, हें आमच्या नोकरीच्या काळांत एका शाळेंत आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें. इतर शिक्षक त्याला मुलींची खोड म्हणत. वास्तविक दाराला आंतून कडीच नव्हती. कडी लावण्यास सुतारास अर्धा तास लागला आणि त्या दिवसापासून मुली एकेकट्या जाऊं लागल्या. वर्ग चालू असतां दोघींनीं उठून जाण्याबद्दल ज्या शिक्षा होत त्या आपोआप बंद पडल्या.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापुरास जें घडलें तें आठवलें कीं अंगावर कांटा येतो. बालवर्गांतील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहांत अत्याचार झाल्याची तक्रार. संशय सफाईच्या कामावरील पुरुष नोकरावर. आणि पोलिसांनीं तक्रार घेण्यास दिरंगाई केली म्हणून २० ऑगस्ट रोजीं संतप्त लोकांनीं रेल्वे रोखून धरली. उच्च न्यायालयानें आपण होऊन हें प्रकरण हातीं घेतलें व मुलांच्या सुरक्षिततेसाठीं नियम सुचविण्यास समिति नेमली. आरोपीचा पुढील महिन्यांतच पोलिसांच्या गोळीनें मृत्यु झाला, त्यामुळें खटला चालून निवाडा होण्याचा मार्ग राहिला नाहीं. आमच्या मनांत मात्र एक साधाच प्रश्न घोळत राहिला. चार वर्षांच्या मुलींना शौचास नेण्याचें, त्यांचे कपडे सोडण्या-बांधण्याचें काम बाईचें आहे हें ठरविण्यास कोणत्या समितीची गरज होती?

आणि आडोसा मोडणारा नेहमीं पुरुषच असतो असेंही समजूं नये. जुलै २०२५ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील शहापूर येथें एका शाळेच्या स्वच्छतागृहांत रक्ताचे डाग दिसले, तेव्हां त्यांचीं छायाचित्रें पडद्यावर दाखवून मुलींस विचारण्यांत आलें कीं कोणाची पाळी चालू आहे. आणि ज्यांनीं नाहीं म्हटलें त्यांतील कित्येकींस आंत नेऊन त्यांची अंगझडती घेण्यांत आली. मुख्याध्यापिका आणि झडती घेणारी सेविका या दोघीही स्त्रियाच होत्या. त्यांस अटक झाली. ही बातमी वाचली तेव्हां आम्हांस सभापर्व आठवलें. द्रौपदी सभेंत ओढून आणली गेली तेव्हां ती रजस्वला होती, एकवस्त्रा होती, हें व्यासांनीं मुद्दाम सांगितलें आहे. कीर्तनांत वस्त्रांची रास रंगवून सांगतात आणि हा तपशील बहुधा गाळतात. तो गाळला कीं दुःशासनाचा अपराध निम्मा होतो. शाळेंत न्हाणीघर अस्वच्छ झालें तर बादलीभर पाणी ओतावें, मुलींच्या शिक्षिकेनें सर्व मुलींस मिळून, कोणाकडे बोट न दाखवितां, चार शब्द सांगावे, आणि कागदाच्या पिशव्या व झांकणाचा डबा तेथें ठेवावा. यापलीकडे त्या डागांत चौकशी करण्यासारखें काय होतें?

इतका वेळ आम्ही परक्यांविषयीं लिहीत आहों. आतां आपल्या मंगल कार्यालयाकडे वळूं, कारण तेथें यजमान आपणच असतों.

लग्न ठरलें कीं कर्ते पुरुष कार्यालय पाहावयास जातात. दिवाणखाना किती पानांचा, मांडव कोण घालणार, आचारी कोण, जिलबीचा घाणा किती वेळ चालेल, वीज गेली तर जनित्र आहे काय, या साऱ्याची बारीक चौकशी होते. वधूपक्षाची खोली दाराशीं उभें राहून पाहतात आणि ‘ठीक आहे’ म्हणतात. त्या खोलींत पुढें काय होतें? सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत तीन-चारदां वस्त्रें बदलावयाचीं. पंचवीस-तीस बायका, दोन आरसे, एक न्हाणीघर. दाराला कडी आहे पण ती बसत नाहीं. आहेराच्या पिशव्या, दागिन्यांची पेटी, भटजींची दक्षिणा, मामाचा फेटा, सर्व त्याच खोलींत ठेविलेलें; म्हणून दर पांच मिनिटांनीं कोणी तरी काका, कोणी तरी मेहुणा, ‘जरा ती पिशवी द्या हो’ म्हणत दार लोटतो. आंतून आरडाओरड होते, तो हंसत बाहेर पडतो, आणि सगळेच हंसतात. त्यांतच छायाचित्रें काढणारे दोघे तरुण, अनोळखी, ‘नवरीची तयारी’ टिपण्यासाठीं कॅमेरे घेऊन उभे. हल्लीं ही ‘तयारी’ टिपण्याची चाल पडली आहे. नवरीच्या मागें आरशांत कोण कोण कोणत्या स्थितींत आहे हें त्या चित्रांत येतें, आणि तीं चित्रें मग दोन्हीकडच्या तीनशें मोबाइलांवर जातात. न्हाणीघराची झडप बाहेरच्या बोळाकडे उघडते आणि तिची कांच फुटलेली असते.

यांत कोणाचा दुष्ट हेतु आहे असें आम्हीं मुळींच म्हणत नाहीं. पण वयांत आलेली मुलगी अशा खोलींत एका कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून, दातांत पदर धरून, घाईघाईनें वस्त्र बदलते. म्हातारी आजी कडी नसलेल्या दारामागें बसावयास धजत नाहीं आणि दिवसभर पन्हें नको म्हणते. आणि आपण बाहेर पंगतींत ‘कोणास कांहीं कमी पडूं देऊं नका’ म्हणून सांगत असतों.

त्याच कार्यालयाच्या मागील अंगणांत भांडीं घासणाऱ्या व पोळ्या लाटणाऱ्या दहा-बारा बायका पहांटेपासून आलेल्या असतात. त्यांना वरच्या खोल्यांकडे जावयास मज्जाव, आणि खालीं जें आहे तें पुरुष वाढप्यांसाठीं. त्यांची कथा विचारली तर त्या हंसून पदर तोंडाला लावतात. लग्नाचें राहूं द्या. आपल्या घरीं सकाळीं सात वाजतां येणारी बाई चार घरचीं धुणींभांडीं करून दुपारीं दोनला परत जाते. आपल्या घरांतील शौचालय ती धुते. वापरूं शकते काय? पुष्कळ घरांत या प्रश्नाचें उत्तर ‘तिनें कधीं विचारलें नाहीं’ असें मिळतें. ती विचारणार नाहीं. घरच्या वडील बाईनें पहिल्याच दिवशीं दार दाखवून ‘लागेल तेव्हां जात जा’ म्हणून सांगावयाचें असतें.

कार्तिकांत तुळशीचें लग्न लागलें कीं मुहूर्त सुरू होतील. ज्या घरीं यंदां कार्य आहे त्यांनीं विसार देण्यापूर्वीं घरांतील दोघी बायकांस बरोबर न्यावें, आणि खोल्या त्यांना आंतून पाहूं द्याव्या: कडी ओढून, झडप लावून, दिवा पेटवून, नळ सोडून. सामानाची खोली आणि वस्त्रें बदलण्याची खोली वेगळी मागावी. दोन नसतील तर सामानासाठीं पुरुषांच्या खोलीचा एक कोपरा घ्यावा. छायाचित्रकारास आंत केव्हां बोलवावयाचें तें नवरीच्या आईनें ठरवावें आणि त्यास तसें आधींच सांगून ठेवावें. दाराशीं घरचीच एक पोक्त बाई पाळीपाळीनें बसवावी. मालक कुरकुर करूं लागला तर नव्या कडीची व कांचेची किंमत आपण देऊं म्हणावें. ती जिलबीच्या एका ताटापेक्षां फार होणार नाहीं.